गांधीलमाशी आणि हुर्मतचा हात

फरगान्याजवळच्या आमच्या कुव्याच्या बाजारात कुणी तोंड भरून हसलं की मी आधी दात बघतो, माणूस नंतर. सवयच तशी लागली. एकतीस वर्षं दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी सोन्याच्या कॅपा घडवल्या. कॅप माझी, पण ती दातावर टिकायची ती हुर्मतच्या सिमेंटमुळे. मधल्या मध्ये डॉक्टर मुर्तझो बोटाने दाबून धरायचे आणि नाव त्यांचं व्हायचं. हे मी त्यांच्या तोंडावरही बोललोय, तेव्हा ही काही मागून केलेली चहाडी नाही.

हुर्मत बुटकी, गोल, नवरा लवकर गेलेली बाई. तिचं सगळं राज्य म्हणजे दोन बोटं जाडीची एक काचेची पाटी आणि एक लवचीक पोलादी पातं. पाटीच्या एका कडेला पावडरची ढिगोळी, दुसऱ्या कडेला औषधाचे तीन थेंब. पात्याने ढिगोळीचे छोटे छोटे वाटे करायचे आणि एकेक वाटा थेंबांत ओढून सगळ्या काचेवर पसरून घोटायचा. घाई केली की मिश्रण तापतं आणि तापलं की दगड होतं. म्हणून चिल्ल्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या कडक चाळीस दिवसांत, जेव्हा आमच्याकडे चिमण्याही चोच उघडी टाकून बसतात, तेव्हा ती पाटी अंगणातल्या तुतीखालच्या पाटात बुडवून ठेवायची. डॉक्टरांचं दुपारचं कलिंगड आणि हुर्मतची काच, दोघं शेजारी शेजारी. काढल्यावर कोरडी पुसायची, कारण थंड काचेवर दव धरतं आणि त्या दवाने सिमेंट कच्चं राहतं. मग खालची बाजू गालाला लावून बघायची. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं, अंगाईगीत होतं. मुलीला निजवताना म्हणायची तेच. दुसरं कडवं संपता संपता ती पातं वर उचलायची, सिमेंटची तार पेराएवढी ताणली जाऊन तुटायची आणि डॉक्टर पेशंटला म्हणायचे, आ करा. कुव्यात अशी माणसं आहेत की ज्यांना ते अंगाईगीत ऐकलं की झोप येत नाही, तोंड उघडतं.

एका वर्षी हिवाळ्यात माझ्या कॅपा उंच बसायला लागल्या.

प्लास्टरच्या साच्यावर माझी कॅप अशी बसायची की मधून केस जाणार नाही. तीच कॅप पेशंटच्या तोंडात चिकटवली की चार दिवसांनी माणूस परत, म्हणे चावताना आधी हाच दात लागतो. डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी म्हातारा झालो, डोळे गेले, असं दवाखान्यात कुजबुजायला लागले. माझ्यावर कुजबुज! आजवर कुजबुजायचं काम माझं होतं. मग मी एक दिवस साच्याच्या निमित्ताने पुढच्या खोलीत जाऊन उभा राहिलो आणि हुर्मतकडे बघत बसलो.

तिचा उजवा हात थरथरत होता. फार नाही. सूर लागण्याआधी दुताराची तार हलते तेवढाच. पण तेवढ्याने घोटायला वेळ जास्त लागत होता, आणि डॉक्टरांच्या हातात जाईपर्यंत सिमेंट जाड व्हायला लागलेलं असायचं. जाड सिमेंटवर कॅप पूर्ण खाली जात नाही, थोडी वर राहते. बस, एवढंच होतं.

तिने मला बघताना पाहिलं. संध्याकाळी माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि स्टुलावर बसली. मला सगळे आका म्हणतात, म्हणजे दादा.

“आका, कुणाला सांगितलंत तर मी मरेन.”

माझ्यापुढे हे असलं बोलणं म्हणजे मांजरापुढे साय ठेवून डोळे मिटणं. पण मी तिला नाही म्हणालो नाही, त्याचं कारण ओयदिन.

ओयदिन तिची एकुलती एक मुलगी, बालवाडीत शिकवायची. तिला स्थळ आलं होतं, आणि साधंसुधं नाही. कुव्याच्या जुन्या तंदूरवाल्यांचा झोकिर. त्यांच्याकडचे नान लग्नाला नसले तर लोक लग्न धरत नाहीत. झोकिरची आई साल्तनत म्हणजे उंच, हाडापेराची बाई. बोलते कमी, बघते जास्त. तिची माणसं मोहल्ल्यात चौकशीला फिरत होती, आणि आमच्याकडची चौकशी कशी असते ते आम्हालाच माहीत. मुलीचा स्वयंपाक शेवटी विचारतात. आधी विचारतात, घरात कुणाला फिट येते का, कुणी अडखळत बोलतं का, आजोबा कशाने गेले. पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीचं जमलेलं मोडलं, का, तर तिचा मामा लंगडतो. मामा ट्रॅक्टरवरून पडला होता, हे कुणी ऐकूनच घेतलं नाही.

आईचा हात थरथरतो. एवढं वाक्य साल्तनतच्या कानावर गेलं असतं तर संपलं होतं. म्हणून हुर्मत डॉक्टरलासुद्धा दाखवत नव्हती. डॉक्टरची बायको हुर्मतच्याच मोहल्ल्यातली. हुर्मत कुणाच्या घरी गेली की चहा ओतायला ओयदिनला पुढे करायची. धाकट्यांनीच ओतायचा असतो, त्यामुळे कुणाला वावगं वाटत नव्हतं.

वसंतात दवाखान्यात एक खोकं आलं. त्यातून निघालं एक मशीन, शिंप्याच्या इस्त्रीएवढं. वर काचेचं झाकण, आत दोन दाते. त्या दात्यांत कॅप्सूल अडकवायची. तिच्यात पावडर आणि औषध आधीच मापात भरलेलं, मध्ये पातळ पडदा. दाबून पडदा फोडायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. दहा सेकंद मशीन अशी कॅप्सूल हलवतं की ती दिसेनाशी होते, आणि आवाज असा की पेशंट खुर्चीतून उठून बसतो. आम्ही त्याचं नाव गांधीलमाशी ठेवलं. दहा सेकंदांनी सिमेंट तयार; पिचकारीसारख्या यंत्राने सरळ कॅपेत सोडायचं. काच नको, पातं नको, अंगाईगीत नको.

सगळ्यांना वाटलं हुर्मत आता रुसणार. धाकटी नर्स शहनोझा तिला ओपा म्हणायची, म्हणजे ताई. ती मुद्दाम म्हणाली, ओपा, आता तुमची काच कलिंगड कापायला घ्या. हुर्मत हसली आणि फडकं घेऊन मशीन पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी घरून भरतकाम केलेला रुमाल आणून तिने मशीनवर घातला. मला एकट्यालाच कळलं की ही बाई त्या मशीनच्या प्रेमात पडली आहे. तिच्या हाताने जे लपवायचं, ते हे डबडं वीज खाऊन उघड उघड करत होतं, आणि त्याबद्दल त्याचं कौतुक होत होतं. हे मी तिला म्हणालो. तिने मला पात्याने मारायला हात उचलला, मग थरथरणारा हात बघून पुन्हा खिशात घातला.

पण डॉक्टरांनी कॅप्सूल कपाटात कुलूपबंद ठेवल्या. त्या संपल्या की पुन्हा कधी येतील याचा पत्ता नव्हता. भरायच्या दाताला एखादी, आणि कॅप बसवायला जुनी पावडरच. तरी हुर्मत रोज काही ना काही कारण काढून एखादी मिळवायची; पेशंट लांबून आलाय, पेशंट दमेकरी आहे. मिळाली नाही तर मी तिच्या काचेचा कोपरा धरायचो, आणि ती मनगट पोटाशी टेकवून कसंबसं निभवायची.

अशात चिल्ला लागला आणि साल्तनतच्या मागच्या दाताची कॅप माझ्याकडे आली.

दात आधीच घासून झाला होता. रविवारी दोन्ही घरची माणसं बसून नान तोडणार होती. आमच्याकडे नान तोडला की शब्द दिला, मग मागे फिरणं नाही. त्याआधी, गुरुवारी, साल्तनतने कॅप बसवायला वेळ मागितली. हुर्मतला वाटलं ती दातासाठी येत नाही, आपल्याला बघायला येते. मला वाटलं दोन्हीसाठी येत असेल. तंदूरवाली माणसं एका विस्तवात दोन कामं करतात.

त्या आठवड्यात हुर्मत नीट जेवली नाही. तीनदा माझ्याकडे येऊन विचारलं, कॅप नीट आहे ना. शेवटी तिने डॉक्टरांना सांगितलं की होणारी विहीण आहे, तिच्यासाठी एक कॅप्सूल द्या. डॉक्टर विरघळले. कॅप बसवायच्या अगदी दोनच उरल्या होत्या. त्यातली एक त्यांनी काढून दिली. हुर्मतने ती ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात ठेवली, आणि काच कपाटात ठेवून दिली. इथे ती चुकली. तीस वर्षांत पहिल्यांदा चिल्ल्याच्या दिवसात तिची काच पाटात नव्हती. कलिंगड एकटंच होतं.

गुरुवारी दुपारी साल्तनत आली. अंगात हिरवं अत्लस रेशीम, डोक्यावर पांढरा रुमाल. सोबत ताजे नान आणले होते, ते तिने टेबलावर सुलटी बाजू वर करून ठेवले. खुर्चीत बसली. डॉक्टरांनी दात कोरडा केला, गालात आणि जिभेखाली कापसाच्या वळकट्या घातल्या. आता तिला बोलता येत नव्हतं, फक्त बघता येत होतं, आणि ती सारखी हुर्मतकडे बघत होती.

हुर्मतने कॅप्सूल दाबली. पडदा फुटल्याचा बारीक आवाज आला. दात्यांत अडकवून झाकण लावलं, बटण दाबलं. गांधीलमाशी उठली. एक, दोन, तीन, चार... आणि आवाज खाली खाली जात बंद पडला. वरचा पंखा दोन फेऱ्या आळसाने फिरला आणि तोही थांबला. दुपारी सगळ्या गावाचे पंखे आणि कूलर चालू झाले की आमच्याकडची वीज जाते. कधी तासाने येते, कधी संध्याकाळी.

कॅप्सूलचं एक आहे. एकदा पडदा फुटला की ती कुणासाठी थांबत नाही. अर्धवट हललेली ती आत गोळा व्हायला लागली होती.

“दुसरी देऊन तरी काय उपयोग,” डॉक्टर म्हणाले. “हुर्मत-ओपा, तुमची काच आणा. लवकर.”

हुर्मतचा चेहरा मला अजून आठवतो. तिने कपाटातून काच काढली. ती तव्यासारखी तापलेली. मी तिच्या हातातून काच घेतली आणि अंगणात पळालो. माझं पळणं तेव्हाही बघण्यासारखं राहिलं नव्हतं. तुतीखाली गुडघे टेकून बसलो तो उठताना कलिंगडाचा आधार घ्यावा लागला. काच पाण्यात धरली. पाटाचं पाणी डोंगरातून येतं, चिल्ल्यातही बोटं बधिर करतं. पण किती वेळ धरायची? आत बाई तोंड उघडून बसली होती, डॉक्टर दुसऱ्यांदा कापूस बदलत असणार. मी हुर्मतचंच अंगाईगीत मनात म्हटलं, चारदा. आणून दिली. तिने ती पुसली, पुन्हा पुसली, गालाला लावली.

मग पावडर, थेंब. तिने पातं उचललं.

घोटताना पातं काचेवर सरकतं, त्याचा आवाज होत नाही. झालाच तर रेशमावरून हात फिरल्यासारखा. त्या दिवशी खोलीत पंखा नव्हता, मशीन नव्हतं, आणि काचेवर पातं वाजत होतं. टिक टिक टिक टिक. बारीक, भराभर. साल्तनतचे डोळे त्या आवाजाकडे गेले. हुर्मतने डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला. आवाज थोडा कमी झाला. मग तिने अंगाईगीत म्हणायला सुरुवात केली, नेहमीपेक्षा मोठ्याने. पातं वाजायला लागलं की ती आवाज चढवायची. शहनोझा दारात उभी राहून हसत होती, तिला वाटलं ओपा विहिणीपुढे गळा दाखवतेय. मी काचेचा कोपरा दाबून धरला होता, आणि माझ्याच बोटांना ते टिकटिक लागत होतं.

दुसरं कडवं संपलं. तार पेराएवढी आली नाही, अर्धीच आली आणि तुटली. जाड झालं होतं. हुर्मतने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. आता मागे फिरायला वेळ नव्हता. मी कॅप चिमट्यात धरली, तिने सिमेंट भरलं, थोडं माझ्या बोटावरही आलं. डॉक्टरांनी कॅप बसवली आणि दाबली. साल्तनतने कापसाचा गोळा दातांत धरून चावला. दहा मिनिटं ती तशीच बसली, आणि हुर्मत तिच्यासमोर दोन्ही हात डगल्याच्या खिशात घालून उभी राहिली.

तासभर बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून साल्तनतने जाताना छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि निघून गेली. बरं म्हणून नाही, वाईट म्हणून नाही.

पुढचे तीन दिवस हुर्मतने कसे काढले ते तिचं तिला माहीत. शुक्रवारी ती दवाखान्यात आली तेव्हा डोळे सुजलेले. साल्तनतकडून निरोप आला का, असं ती मला विचारायची, जसं काही मी टपालखातंच होतो. शनिवारी सकाळी साल्तनतची धाकटी बहीण माझ्या दारात नान घेऊन आली. बसली, हवेबद्दल बोलली, माझ्या गुडघ्यांबद्दल बोलली, मग म्हणाली की हुर्मत-ओपाची तब्येत कशी असते. मी तिला डॉक्टर मुर्तझोच्या मेहुणीची भानगड सांगितली, बँकेतल्या शिपायाचं दुसरं लग्न सांगितलं, शहनोझाला कोण रोज घरापर्यंत सोडायला येतं ते सांगितलं. दोन किटल्या चहा झाला. जाताना बाई दमून गेली होती आणि हुर्मतबद्दल तिला एक अक्षर कळलं नव्हतं. आयुष्यात तेवढं बोलून एवढं कमी मी कधीच सांगितलं नाही.

रविवारी हुर्मतच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली दस्तरखान पसरला. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मी वयाच्या जोरावर मध्ये बसलो, जिथून दोन्हीकडचं ऐकू येतं. साल्तनतने स्वतः भाजलेले दोन नान आणले होते, कडेला तीळ, मध्ये ठशाचं नक्षीकाम. तिच्याशेजारी झोकिर वाकून पाहुण्यांचे हात धुवून देत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बिनकेसाचे, भाजल्याच्या खुणांनी भरलेले. तंदूरात हात घालणाऱ्यांचे असतात तसेच.

ओयदिन किटली घेऊन आली. साल्तनत म्हणाली, “पोरी, तू बस. आज विहीणबाईंच्या हातचा चहा पिऊ दे.”

मांडवाखाली गप्पा चालूच होत्या, पण मला ऐकू येईना. हुर्मतने किटली घेतली. आधी चहा पियाल्यात ओतून परत किटलीत घालायचा, असा तीनदा; ती रीत आहे, चहा उतरतो. तीनही वेळा किटलीची चोच पियाल्याच्या काठावर वाजली. टिक टिक टिक. मग तिने साल्तनतचा पियाला भरला, म्हणजे भरला नाहीच. तळ झाकेल एवढा चहा घातला. आमच्याकडे पाहुण्याला जितका मान, तितका पियाला रिकामा. म्हणजे त्याने पुन्हा पुन्हा मागावा, बसावं, जाऊ नये. हुर्मतने सगळ्यात मोठा मान दिला, आणि त्याच मानाखाली हात लपवला. पियाला पुढे करताना तो हलला, पण सांडण्याएवढा चहा त्यात नव्हताच.

साल्तनतने एका घोटात पिऊन पियाला परत दिला. हुर्मतने पुन्हा तळ झाकला. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा साल्तनतने पियाला न देता हुर्मतचं मनगट धरलं आणि खाली वाकून, फक्त तिला आणि मला ऐकू जाईल असं बोलली.

“कधीपासून?”

“हिवाळ्यापासून.”

“तुमच्या आईला होतं?”

“नव्हतं.”

“पोरीला येईल?”

हुर्मतने खोटं बोलायला तोंड उघडलं, मी बघत होतो. “उन्हामुळे होतं” एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरला दाखवलंच नाही. भीती वाटली.”

साल्तनत बघत राहिली. आधी ओयदिनकडे, मग आपल्या मुलाच्या हातांकडे. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही, कारण त्या वेळी मला कुठलंही कडवं आठवेना. मग तिने हुर्मतचं मनगट सोडलं.

“आमच्या घरात हात न भाजलेला माणूस नाही,” ती म्हणाली. “सोमवारी फरगान्याला जाऊन दाखवा. मी येईन बरोबर. आणि दात उत्तम बसलाय.”

तिने दोन्ही नान एकावर एक ठेवून उचलले आणि मोठ्या माणसांच्या दिशेने पुढे केले. नान तुटला. बायकांनी चेहऱ्यावरून हात फिरवून दुवा मागितली. हुर्मतने किटली खाली ठेवली ती दोन्ही हातांनी, आणि त्यानंतर ती त्या दिवशी पुन्हा उठली नाही.

फरगान्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हात पूर्ण थांबला नाही, पण पुष्कळ बरा झाला. लग्न झालं. नवीन कॅप्सूल यायला दीड वर्ष लागलं. तोपर्यंत काच पाटात, कलिंगडाशेजारी. गांधीलमाशी भरतकामाच्या रुमालाखाली.

आता जे सांगतो ते हुर्मतला आजही माहीत नाही. त्या रविवारनंतर आठ दिवसांनी, डॉक्टर मुर्तझो आणि हुर्मत दोघंही जेवायला गेलेले असताना, साल्तनत माझ्या मागच्या खोलीत आली. दार लावलं आणि त्याच स्टुलावर बसली, जिथे हुर्मत बसली होती.

“कॅप उंच आहे,” ती म्हणाली. “त्या गुरुवारपासून डाव्या बाजूने जेवतेय. थोडी घासून द्या. आणि आका, माझ्या विहिणीला कळता कामा नये.”

मी निळा कागद तिच्या दातांत धरला, चावायला सांगितलं. कॅपेवर एक गडद ठिपका उठला. केसाएवढं घासलं, पुन्हा कागद धरला, पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा ठिपका पुसट झाला. तिने दोन-तीनदा दात आपटून बघितले, डोक्यावरचा रुमाल नीट केला, आणि हुर्मत जेवून यायच्या आत अंगणातून निघून गेली.